वसूचं ताट

झाशीतल्या मराठी घरांना एक खोड आहे. बाजारात कुणाबद्दल काही बोलायचं झालं की ती मराठीत बोलतात, आणि तेही त्या माणसाच्या तोंडावर. भाजीवाला लुटतोय, समोरच्या बाईची साडी भडक आहे, दुकानदाराने मिशा रंगवल्यात... सगळं खुशाल, मोठ्याने. चहूकडे हिंदी आणि बुंदेली, मग कुणाला काय कळणार! पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलंय आणि सहसा कुणी पकडलं जात नाही.

वसुंधरा पकडली गेली ती सदर बाजारात, शिंप्याच्या दुकानात, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी.

आईचे ब्लाउज घ्यायला ती आईबरोबर आली होती. त्यांच्या पुढे एक उंचापुरा, आडदांड तरुण उभा होता. काउंटरवर त्याने फाटक्या जर्सींचा ढीग घातला होता आणि तो शिंप्याला सांगत होता, "मास्टरजी, सिलाई डबल मारना. पिछली बार एक टक्कर में फट गयी."

"आई, बघ ना जरा," वसुंधरा म्हणाली. "माणूस आहे का कपाट? आणि कान बघ त्याचे. कुणीतरी चावून परत चिकटवल्यासारखे."

"हळू गं," इंदूबाई म्हणाल्या.

"त्याला काय समजतंय! पण डोळे एकदम छान आहेत हं. कपाटावर वाया गेले बिचारे."

त्या तरुणाने पावती घडी करून खिशात ठेवली. मग तो सावकाश वळला. ते चावल्यासारखे कान आता लालभडक झाले होते.

"कान खेळात घासून घासून असलं झाल्यात ओ," तो म्हणाला. "चावलं न्हाई कुणी. कपाट म्हणालासा, ते घरीबी म्हणत्यात. आणि डोळ्यांचं म्हणालासा... त्याबद्दल आभारी हाय."

वसुंधराला वाटलं, धरणी दुभंगावी आणि शिंप्याच्या मशीनसकट आपल्याला पोटात घ्यावं. पण इंदूबाईंचं भलतंच झालं. त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई! तुम्ही आपल्यातले? कुठले हो तुम्ही?"

"पन्हाळ्याजवळचा, काकू. उत्तम पोवार. फौजेत हाय, हितं जवळच, बबीन्याला."

"पन्हाळा..." इंदूबाईंनी तो शब्द असा उच्चारला की जणू त्यांचं माहेर तिथलंच. वास्तविक त्यांचं माहेर सागरचं, सासर मूळ झाशीजवळच्याच गुरसरायचं, आणि महाराष्ट्र त्यांनी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेला. "वरण-भात मिळतो का हो तिथे बबीन्यात?"

"मिळत न्हाई, काकू."

एवढं बोलून तो गेला. दारातून जाताना मात्र मुद्दाम आडवा होऊन, खांदे सांभाळत गेला आणि जाता जाता वसुंधराकडे बघून हसला. ती रात्री जेवताना आपल्याशीच तीनदा हसली आणि तिन्ही वेळा आईने ते पाहिलं.

आठ दिवसांनी तो पुन्हा दिसला. वसुंधरा फिजिओथेरपिस्ट होती. सदर बाजारातच एका दवाखान्यात बसायची. दुपारी पडदा बाजूला झाला आणि उजवा हात डाव्या हाताने धरून उत्तम आत आला.

"कपाटाचं दार निखळलंय," तो म्हणाला.

तिला हसू आवरेना. "बसा. आणि त्या दिवसाचं... सॉरी. खरंच सॉरी."

"कशाचं? डोळ्यांचं परत घेताय व्हय?"

"शर्ट काढा," ती म्हणाली, आणि लगेच तिचेच कान तापले. "मतलब... खांदा बघायला."

खांदा निखळला नव्हता, नुसता दुखावला होता. पण तो बरा व्हायला जितके दिवस लागायला हवे होते, त्याच्या दुप्पट लागले. व्यायाम शिकवताना ती सांगायची, "हात वर, धीरे धीरे, बस, तिथेच थांबवा," आणि तो म्हणायचा, "तुमची मराठी लई भारी हाय ओ. अर्धी पेशवाईतली आणि अर्धी हिंदी बातम्यांतली." ती चिडून खांदा जरा जोरात दाबायची. तो ओरडायचा नाही. बघत राहायचा.

त्याच दिवसांत तिला रग्बी कळली. फौजेत शिकलेला हा खेळ त्याने वरिष्ठांच्या परवानगीने झाशीच्या पोरांना शिकवला होता. छावणीजवळच्या मैदानावर त्याचा संघ उभा राहिला होता. सात जणांचा खेळ, त्यात तो स्वतः कप्तान, बाकी सहा आसपासच्या गावांतली, गरौठ्याची, गुरसरायची, मऊची पोरं. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायच्या आत पलीकडच्या रेषेपार जमिनीला टेकवायचा, की पाच गुण. मग खांबांमधून लाथेने उडवला की आणखी दोन.

"आणि चेंडू पुढे फेकायचा नाही? फक्त मागच्याला द्यायचा?" वसुंधराने विचारलं. "हे काय यार! पुढे जायचं आहे आणि द्यायचं मागे?"

"तीच तर गंमत हाय. पुढं जायचं असंल तर मागं कोण हाय ते आधी बघावं लागतं. मागं आपलं माणूस असलं, तरच माणूस पुढं जातंय."

ती पट्टी गुंडाळत होती. तिने ती जरुरीपेक्षा दोन वेढे जास्त गुंडाळली.

"आता एक नवी युक्ती काढलीया," तो म्हणाला. "कुठल्या बाजूनं चेंडू काढायचा हे मी ओरडून सांगतो. हिंदीत ओरडलं की समोरच्यांनाबी कळायचं. आता पोरांना मराठी शिकवलीया. डावीकडं, उजवीकडं, मधनं. समोरच्यांना कायबी कळत न्हाई. तीन मॅची जिंकलो असं."

"ही तर माझी युक्ती! शिंप्याच्या दुकानातली."

"तुमचीच. तिथंच सुचली."

"पण माझी तर फसली होती."

"तुमची फसली, कारण समोर मी होतो," उत्तम म्हणाला. "मैदानात कोण येतंय मराठी?"

इंदूबाईंच्या डोक्यातून तो न मिळणारा वरण-भात काही गेला नव्हता. डिसेंबरात त्यांनी वसुंधराकडून निरोप धाडलाच, की रविवारी जेवायला या. उत्तमला एकट्याने यायची भीड वाटली, म्हणून तो अख्खा संघ घेऊन आला. दारात सात जोडी चिखलाचे बूट बघून वसुंधराचे वडील मधुसूदनराव चष्म्यावरून बघतच राहिले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि झाशीत जन्मलेल्या माणसाप्रमाणे त्यांना एकच खेळ ठाऊक, हॉकी.

"चेंडू धड गोल नाही, तो कसला खेळ?" त्यांनी उत्तमला विचारलं.

"गोल असता तर कोण पण खेळलं असतं, काका," उत्तम अदबीने म्हणाला. मधुसूदनरावांनी त्याला आपल्या शेजारचा पाट दिला.

पोरांनी असं ताट कधी पाहिलं नव्हतं. गरौठ्याच्या लक्ष्मणने विचारलं, "चाची, चटनी इधर काए, और सब्जी उधर काए?" मग काय, इंदूबाईंना तेच हवं होतं. पदर खोचून त्यांनी शिकवणी घेतली. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण, वर तूप. यात बदल नाही. डोळे मिटून हात घातला तरी कुठे काय आहे ते कळलं पाहिजे. पोरांनी डोळे मिटून बोटं फिरवत पाढा म्हटल्यासारखं म्हटलं. लिंबू डावीकडे! भाजी उजवीकडे!

वसुंधरा वाढत होती. पोरांची सहा ताटं तिने बिनचूक वाढली. सातवं उत्तमचं. तो मान वर करून तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणजे फक्त तेवढंच करत होती. वाढून झालं, ती सरळ झाली, आणि इंदूबाईंचा आवाज आला.

"वसू! अगं, लक्ष कुठे आहे? चटणी उजवीकडे? भाजी डावीकडे? हे कसलं उलटं ताट!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. लक्ष्मण म्हणाला, "जे तो वसू दीदी को ताट है!" वसुंधराने ताट उचलायला हात पुढे केला, तर उत्तमने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"राहू दे, काकू," तो म्हणाला. "मला असंच चालतंय."

आणि त्याने ते तसंच, उलटं, चाटूनपुसून खाल्लं. पुढे महिनाभर मैदानावर कुणी उजवीकडचं डावीकडे केलं की पोरं ओरडायची, "वसूचं ताट!" हे सगळं वसुंधराला लक्ष्मणकडून कळायचं. ती रागवायची आणि पुन्हा सांगायला लावायची.

झाशीने उपांत्य सामना जिंकला आणि राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाशीतच ठरला. समोर लखनौ. सामन्याच्या दोन दिवस आधी उत्तम दवाखान्यात आला. खांद्याला काही झालं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि पायाने फरशीवर रेघा ओढत राहिला.

"साहेब म्हणालं, राज्य अजिंक्यपद जिंकून दाखव, तर फौजेच्या पुण्याच्या क्रीडा केंद्रावर प्रशिक्षक म्हणून नाव धाडतो. एक तारखेला निघायचं."

"आणि... नाही जिंकलात तर?"

"तर बबीना. अजून दोन वर्षं."

पडद्यापलीकडे कुणाला तरी लावलेलं शेकायचं मशीन गुणगुणत होतं. वसुंधराला त्याचं पुण्याचं स्वप्न ठाऊक होतं. गावाकडचा हा पोरगा. फौजेने त्याच्या हातात हा वाकडा चेंडू दिला तेव्हापासून त्याला एवढंच हवं होतं, की दुसऱ्यांना तो धरायला शिकवावा. आणि तिला हेही ठाऊक होतं, की दोन वर्षं म्हणजे सदर बाजारातल्या शंभर तरी संध्याकाळी. तो काहीतरी ऐकायला थांबला होता. ती काहीतरी बोलायला थांबली होती. पण गुरसरायच्या जुन्या कारभाऱ्यांच्या घरातली मुलगी असं पहिल्यांदा बोलत नाही, आणि पन्हाळ्याखालच्या शेतकऱ्याचा मुलगा अशा घरातल्या मुलीला विचारायला धजत नाही.

"मग जिंका की," ती म्हणाली.

"जिंकतो," तो म्हणाला. जाताना दारात आडवा झाला नाही. सरळ गेला.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून पावसाची भुरभुर होती. जानेवारीतल्या त्या पावसाला झाशीत महावट म्हणतात. मैदानाची माती चिकट झाली होती. मधुसूदनराव छत्री घेऊन आले होते, ते फक्त मुलीला सर्दी होऊ नये म्हणून, असं त्यांनी कुणी न विचारताच चार जणांना सांगितलं. वसुंधरा बर्फाची पिशवी आणि पट्ट्यांचा डबा घेऊन रेषेबाहेर उभी होती. दहा-दहा मिनिटांचे दोन भाग आणि मधे दोन मिनिटांची विश्रांती, एवढाच खेळ.

पहिल्या दहा मिनिटांत झाशीचं पार पानिपत झालं. उत्तम ओरडायचा "डावीकडं!" आणि चेंडू डावीकडे पोचायच्या आत लखनौची निळी जर्सी तिथे उभी. "मधनं!" म्हणायचा अवकाश, की मधे भिंत. सतरा–शून्य. झाशीच्या पोरांना काही सुचेना. ती एकमेकांकडे बघायला लागली होती.

वसुंधराच्या बाजूलाच, दहा पावलांवर, लखनौच्या संघाचे प्रशिक्षक उभे होते. साठीचे, कानटोपी घातलेले गृहस्थ. पहिला भाग संपायला थोडा वेळ असताना त्यांचा फोन वाजला.

"हां, बोल गं," ते मराठीत म्हणाले. वसुंधराने मान वळवली. "घेतली, घेतली गोळी. हो, कानटोपी आहे. अगं, जिंकतोच आहोत! तिकडचा कप्तान मराठीत ओरडतोय. मराठीत! त्याला वाटतंय, इथे कुणाला काय समजतंय. मी ऐकतो आणि पोरांना हिंदीत सांगतो. बसल्या जागी सामना खिशात... नाही गं, इथे कोण ऐकतंय!"

शिट्टी वाजली. विश्रांती. दोन मिनिटं.

वसुंधरा पाण्याच्या बाटल्या घेऊन निघाली. मैदानाच्या मधोमध पोरं गुडघ्यावर बसली होती. तीस पावलांचं अंतर. त्या तीस पावलांत तिच्या मनाने काय काय सुचवलं ते तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. गप्प बसायचं, एवढंच तर होतं. पाणी द्यायचं आणि परत यायचं. कुणाला कळणारही नव्हतं. दोन वर्षं. शंभर संध्याकाळी. खोटं बोलायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं.

"कप्तान साब, जे तो पैलेंई सें जान जात!" लक्ष्मण रडवेला होऊन सांगत होता. "कछू टोना करो है इनने."

"टोना न्हाई रे," उत्तम म्हणाला. चिखलाने त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. "मीच चुकतोय कुठंतरी. माझ्यातच कमी हाय. तुमची चूक न्हाई, पोरांनो."

वसुंधराला ते सहन झालं नाही. दुसरं काहीही सहन झालं असतं.

"तुमच्यात काही कमी नाही," ती म्हणाली. "त्यांचे कोच मराठी आहेत. शिंप्याचं दुकान झालंय, उत्तम."

नावाने ती त्याला पहिल्यांदाच हाक मारत होती. त्याने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, तो गुडघ्यावरून उठून उभा राहिला.

"आता नवे शब्द कुठनं आणू? दीड मिनिटात?"

"आणायचे कशाला? आहेत ना. सगळ्यांना पाठ आहेत." ती पोरांकडे वळली. "लक्ष्मण, आँखें बंद. लिंबू?"

"बाएँ!" लक्ष्मणने डोळे मिटून बोट उगारलं.

"आमटी?"

"दाएँ!" सहाही पोरं.

"भात?"

"बीच में!" आणि सतरा–शून्यने मागे असलेला तो संघ भर मैदानात हसला.

त्यानंतर झाशीकरांनी जे ऐकलं ते त्यांनी कुठल्याच मैदानावर ऐकलं नव्हतं. "चटणी!" कप्तान गरजला आणि चेंडू डावीकडून सुटला, हातोहात, चौथ्या हाताला थेट रेषेपार. लाथही बरोबर बसली. सतरा–सात. "आमटी! आमटी!" आणि उजवीकडून गुरसरायच्या पोराने चिखलात दहा हात घसरत चेंडू टेकवला. लाथ पुन्हा बरोबर बसली. सतरा–चौदा. लोक ओरडायला लागले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "भूख लग आई, भैया." मधुसूदनरावांनी छत्री मिटली होती आणि ती हॉकीस्टिकसारखी हातात धरली होती.

लखनौचे प्रशिक्षक कानटोपी काढून कान पुढे करून उभे होते. "लिंबू..." ते पुटपुटत होते. "लिंबू तिकडे. भाजी इकडे. आमटी पण इकडे..." एक मिनिट उरलं होतं. वसुंधरा त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरेच्चा! हे तर ताट वाढतायत!" आणि मग ते मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "चटनी-नींबू उनके बाएँ! सब्जी-आमटी दाएँ! चावल बीच में!"

उत्तमनेही ऐकलं होतं. चेंडू त्याच्या पायाशी होता, दोन्हीकडची पोरं वाकून सज्ज होती, आणि घड्याळात शेवटचे काही सेकंद. त्याने मान वळवून रेषेबाहेर पाहिलं. मागे कोण आहे ते आधी बघावं लागतं. ती होती, दोन्ही हातांत बर्फाची पिशवी घट्ट धरून. तो हसला, तसाच, शिंप्याच्या दारातल्यासारखा. आणि छाती भरून ओरडला,

"वसूचं ताट! चटणीऽऽ!"

"बाएँ! बाएँ! उनके बाएँ!" प्रशिक्षक किंचाळले. निळ्या जर्सी सगळ्या त्या बाजूला धावल्या. चेंडू उजवीकडे गेला. तिथे लक्ष्मण एकटा उभा होता आणि त्याच्यासमोर गवत आणि पाऊस याखेरीज काही नव्हतं. तो पळाला. खरं तर कोपऱ्यात टेकवला असता तरी चाललं असतं, पण तो रेषा ओलांडून खांबांमागेपर्यंत पळतच राहिला, आणि मग चेंडूवर आडवा पडून रडायला लागला.

एकोणीस–सतरा. लाथेचे उरलेले दोन गुण घ्यायचंही कुणाला भान राहिलं नाही.

गर्दी मैदानात घुसली. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. वसुंधरा होती तिथेच उभी राहिली. तिला खूप आनंद झाला होता आणि तिला रडू येत होतं, आणि दोन्ही एकाच कारणासाठी. उत्तम गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर आला. चिखलाने पार माखलेला, आणि त्यात ते दोन डोळे.

"तुम्हाला ठाऊक हुतं," तो म्हणाला. "जिंकलो तर जाणार मी. तरी सांगितलासा?"

चहूकडे हिंदी आणि बुंदेलीचा गोंगाट होता. कुणाला काय कळणार! वसुंधराने ठरवलं, की एकदाच, सगळं बोलून टाकायचं.

"हो, सांगितलं. गप्प राहायचं मनात आलं होतं. अगदी मनापासून आलं होतं. पण तुम्ही म्हणालात ना, माझ्यातच कमी आहे... तसा चेहरा घेऊन तुम्ही दोन वर्षं इथे राहिला असतात, आणि तो मी केला असता. असे नकोत मला तुम्ही. मला हवे आहात, पण असे नको."

"हवा हाय?" त्याने एवढंच ऐकलं होतं.

"जा आता पुण्याला," ती डोळे पुसत म्हणाली.

"जातो. पण... पुढं जाताना मागं बघितलं, तर कोण असंल का तिथं?"

"मागे का? पुण्यात खांदे निखळत नाहीत का कुणाचे? तिथे दवाखाने नाहीत? फक्त..." आता मात्र शब्द अडला. "फक्त कुणी नीट विचारायला पाहिजे."

"मी... म्हणजे आमचं घर तुमच्यागत न्हाई ओ. मला कसं विचारतात तेबी..."

"अहो, विचारून टाका एकदाचं!" मागून आवाज आला. लखनौचे प्रशिक्षक कानटोपी हातात घेऊन उभे होते. डोळे त्यांचेही ओले दिसत होते. पाऊसही होता म्हणा. "सामना गेला माझा. निदान हे तरी नीट बघू द्या. मी नीलकंठ, मूळ पुण्याचा. मला सगळं समजतंय."

वसुंधराने तोंडावर हात घेतला. तेवढ्यात त्यांच्या मागून मिटलेली छत्री पुढे आली, आणि छत्रीमागून मधुसूदनराव.

"आणि मलाही," ते म्हणाले.

उत्तम एकदम सावधान उभा राहिला. मधुसूदनरावांनी त्याला कानापासून बुटांपर्यंत नीट पाहिलं. मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बर्फाच्या पिशवीचं तोंड उगाचच सोडत-बांधत होती.

"भर मैदानात माझ्या मुलीला वसू म्हणालात."

"ते... खेळातलं हुतं, काका."

"हो? आणि आत्ताचं?"

उत्तमचे कान चिखलातूनही लाल दिसायला लागले. पण यावेळी तो धजला. "आत्ताचं खरं हाय, काका. मला वसुंधराशी लगीन करायचं हाय. तुम्ही हो म्हणालासा तर."

मधुसूदनरावांनी छत्री उघडली. ती आधी मुलीच्या डोक्यावर धरली, मग जरा विचार करून थोडी पुढे सरकवली. छत्री लहान होती. उत्तमचा एकच खांदा तिच्याखाली आला, तोच दुखरा.

"रविवारी जेवायला या," ते म्हणाले. "आणि एकटे या. संघ आणू नका."

रविवारी उत्तम एकटाच आला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस, दारात एकच जोडी बूट. इंदूबाईंनी सकाळपासून पुरण वाटलं होतं. पाट मांडले, पाण्याचे गडू भरून झाले, आणि वसुंधरा ताट वाढायला वाकली. आज ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

चटणी तिने उजवीकडे वाढली. भाजी डावीकडे.

इंदूबाईंनी ते पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्या तुपाची वाटी घेऊन पुढे आल्या आणि भातावर तूप वाढून स्वयंपाकघरात निघून गेल्या.